शीलाची परीक्षा आणि गुणांचें माप

विद्यार्थ्याची निवड परीक्षेंतील गुणांवरून करावी, कीं त्याचें शील, स्वभाव, घराणें, खेळांतील प्रावीण्य, चार माणसांत वावरण्याची हातोटी इत्यादि सर्व गोष्टी जमेस धरून करावी, असा प्रश्न कोणा सुशिक्षित गृहस्थास विचारला, तर तो बहुधा दुसऱ्या पक्षास अनुकूल असें मत देईल. घोकंपट्टीचा कंटाळा आपणां सर्वांसच आहे. मनुष्य म्हणजे कांहीं गुणपत्रिका नव्हे, हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकिलें आहे कीं, त्याविषयीं शंका घेणेंही असभ्यपणाचें वाटावें. पण ज्या देशांत हें तत्त्व शंभर वर्षें प्रत्यक्ष व्यवहारांत आहे, त्या अमेरिकेंतील मोठ्या विद्यापीठांचा इतिहास पाहिला, म्हणजे या गोड वाक्याच्या पोटांत काय काय दडलें होतें हें कळून मन थोडें साशंक होतें. आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांचीं मुलें आज त्या विद्यापीठांच्या दारांशीं उभीं असतात. आणि जन्मानें अमेरिकन असलेलीं मराठी मुलें तर अलीकडच्या एका प्रसिद्ध खटल्यांत 'आशियाई' या सदराखालीं मोजलींही गेलीं. तेव्हां तें दार कोणीं बांधलें, आणि कशासाठीं बांधलें, याचा शोध घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

हार्वर्डची स्थापना १६३६ सालची. पुढें अडीचशें वर्षें तेथील प्रवेशाचा प्रकार अगदीं साधा होता. लॅटिन, ग्रीक आणि गणित या विषयांची कॉलेजची स्वतःची परीक्षा असे. तींत जो उतरला तो आंत गेला. एकाददुसऱ्या विषयांत कच्चा राहिला, तर 'पुढें तयारी करावी' अशा अटीवर त्यासही घेत. जागांची वानवा नव्हती. निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण ग्रीक आणि लॅटिन शिकविणाऱ्या शाळाच मुळीं थोड्या, आणि त्या शाळांत मुलगा ठेवण्याइतका पैसा त्याहूनही थोड्यांजवळ. चाळण होतीच, पण ती परीक्षेच्या आधींच लागून गेलेली असे.

ही स्थिति चार्ल्स एलियट यांच्या कारकीर्दींत पालटली. १८६९ पासून १९०९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, ते हार्वर्डचे अध्यक्ष होते. ग्रीकची सक्ती त्यांच्याच काळीं सुटली. प्रत्येक कॉलेजची परीक्षा निराळी, तिचे ग्रंथ निराळे, यामुळें शाळा हैराण झाल्या होत्या. त्यावर उपाय म्हणून १९०० सालीं कॉलेज एंट्रन्स एक्झॅमिनेशन बोर्ड नांवाचें सामायिक परीक्षामंडळ स्थापन झालें. १९०१ च्या जूनमध्यें त्याची पहिली परीक्षा झाली तेव्हां अवघे ९७३ उमेदवार बसले. हार्वर्डनें ही परीक्षा १९०५ सालीं मान्य केली. फी न घेणाऱ्या सार्वजनिक शाळेंतला मुलगा आतां त्याच प्रश्नपत्रिकेस बसूं लागला, जिला बड्या घरचा मुलगा बसत होता; आणि उत्तरपत्रिकेवर बापाचा धंदा लिहिलेला नसतो.

परिणाम काय झाला तो पाहण्यासारखा आहे. १८८१ नंतर रशियन साम्राज्यांतील छळास कंटाळून लाखों ज्यू लोक अमेरिकेंत आले. न्यूयॉर्क, बोस्टन अशा शहरांत बाप कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबे आणि मुलगा शाळेंत पहिला येई. विद्येची भूक त्या समाजांत पिढीजात. हार्वर्ड तर बोस्टनच्या कुशींतच. घरीं राहून रोज जाऊन येण्याजोगें. १९०० सालीं हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत ज्यू विद्यार्थी शेंकडा सुमारें ७ होते. १९२२ सालीं ते २१ च्या वर गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत हें प्रमाण १९२० च्या आधींच शेंकडा ४० च्या घरांत पोंचलें होतें. कोलंबियानें १९१९ सालापासून सविस्तर अर्ज, छायाचित्र, मुलाखत आणि बुद्धिमापनाची चाचणी अशी नवी योजना केली, आणि दोनतीन वर्षांत तें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलें. गाजावाजा कांहींच झाला नाहीं.

हार्वर्डचे अध्यक्ष या वेळीं अॅबट लॉरेन्स लॉवेल हे होते. बोस्टनच्या जुन्या आणि धनाढ्य घराण्यांतले, शासनशास्त्राचे पंडित, करारी गृहस्थ. त्यांस केवळ खलपुरुष ठरविणें सोपें आहे, पण तसें केल्यानें गोष्ट समजत नाहीं. श्रीमंत मुलें खासगी बंगल्यांत आणि गरीब मुलें अंधाऱ्या खोल्यांत राहतात हें न बघवून, पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांनीं एकत्र राहावें म्हणून वसतिगृहें बांधणारे हेच. आणि त्याच वसतिगृहांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस राहूं देण्याचें नाकारणारेही हेच. परदेशस्थांच्या आगमनावर निर्बंध घालूं पाहणाऱ्या संघाचे ते उपाध्यक्ष होते. त्यांच्या मनांत हार्वर्ड म्हणजे एक कुटुंब होतें, आणि कुटुंबांत कोणी यावें हें कुटुंबप्रमुखानें ठरवावें, इतकी ती सरळ कल्पना होती. ज्यू फार झाले म्हणजे इतर लोक निघून जातात, आणि मग खुद्द ज्यूंसही तेथें राहण्यांत गोडी उरत नाहीं. उन्हाळ्यांतल्या हवेच्या ठिकाणच्या हॉटेलांचें असेंच होतें, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणून १९२२ सालीं त्यांनीं ज्यूंच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याचें सुचविलें.

लॉवेल यांचा प्रामाणिकपणा त्यांस नडला. इतर विद्यापीठांचे चालक जें मुकाट्यानें करीत होते, तें यांनीं बोलून दाखविलें. आणि मोठें वादळ उठलें. वृत्तपत्रें तुटून पडलीं. अठ्ठ्याऐंशीं वर्षांचे वृद्ध एलियट आपल्या वारसाच्या विरुद्ध उभे राहिले. विद्यापीठाच्या पर्यवेक्षक मंडळावरील पहिले ज्यू सभासद न्यायमूर्ति ज्यूलियन मॅक यांनीं कसून विरोध केला. चौकशीसमिति नेमली गेली. या समितीसाठीं ज्यू कोण हें ठरवावें लागलें, आणि तेथें एक विचित्र प्रकार घडला: विद्यार्थ्यांचीं नांवें, बापांचीं नांवें, धंदे, पत्ते पाहून त्यांचे तीन वर्ग पाडण्यांत आले. जे-१ म्हणजे निःसंशय ज्यू, जे-२ म्हणजे बहुधा ज्यू, आणि जे-३ म्हणजे कदाचित् ज्यू. आपल्याकडे आडनांवावरून जात ओळखण्याची जी कला आहे, तिला तेथें विद्यापीठाच्या कचेरींत शास्त्राचें रूप आलें! १९२२ च्या शरदृतूंतील प्रवेश-अर्जांतच एक नवा प्रश्न घातला गेला: जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नांवांत कांहीं बदल केला आहे काय, केला असल्यास पूर्ण खुलासा करावा.

समितीनें १९२३ च्या एप्रिलांत अहवाल दिला, आणि वंश किंवा धर्म यांवरून भेद करूं नये असें स्पष्ट सांगितलें. लॉवेल यांचा पराभव झाला असें सर्वांस वाटलें. समितीनें आणखीहि एक सूचना केली. शाळेच्या वर्गांत वरच्या एकसप्तमांशांत येणाऱ्या विद्यार्थ्यांस प्रवेश परीक्षेवांचून घ्यावें, म्हणजे दक्षिणेकडील आणि पश्चिमेकडील खेड्यापाड्यांतलीं हुशार मुलें येतील. हेतु भूगोलाचा होता. पण पश्चिमेकडील मुलें वाढलीं म्हणजे बोस्टन-न्यूयॉर्ककडचीं आपोआप कमी होतील, हा हिशेबही कोणाच्या मनांत नव्हता असें नाहीं.

याच दिवसांत मराठी बोलणारा एक मुलगा हार्वर्डच्या सावलींत वाढत होता. धर्मानंद कोसंबी 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या कामासाठीं १९१८ सालीं पुन्हां तिकडे गेले, तेव्हां त्यांनीं आपला मुलगा दामोदर यास बरोबर नेलें होतें. गोव्यांत जन्मलेला हा मुलगा मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील सार्वजनिक शाळेंत शिकला, आणि शेवटच्या परीक्षेंत त्यानें असें यश मिळविलें कीं, हार्वर्डची प्रवेश परीक्षा त्यास माफ झाली. १९२४ सालीं त्याचें नांव दाखल झालें. मध्यंतरीं तो स्वदेशीं येऊन परत गेला, आणि १९२९ सालीं अत्युच्च सन्मानासह पदवीधर झाला. पुढें गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून विख्यात झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी ते हेच. शाळेंतील गुणांवरून आंत येण्याची जी वाट त्या वर्षांत रुंद झाली, तिनें कोणाकोणाचें भलें झालें याचें हें आपल्या घरचें उदाहरण.

वाट रुंद झाली खरी. परंतु ती लॉवेल यांस हवी तशी वळेना. शाळेंत वरच्या क्रमांकांत ज्यू मुलेंच पुष्कळ असत. १९२५ सालीं पहिल्या वर्षांत त्यांचें प्रमाण शेंकडा २७ च्या पुढें गेलें. तेव्हां १९२६ सालीं हार्वर्डनें निराळा मार्ग पत्करला. पहिल्या वर्षाच्या वर्गाची संख्या सुमारें एक हजारावर रोखण्याचें आधींच ठरलें होतें. आतां त्या हजारांची निवड केवळ विद्येवरून न करतां 'शील आणि योग्यता' पाहून करावी असें ठरलें. अर्जासोबत छायाचित्र आवश्यक झालें. मुलाखतींवर, शिफारसपत्रांवर भर आला. मर्यादेचा आंकडा कोठेंही लिहिला नाहीं. जो प्रश्न चार वर्षांपूर्वीं देशभर गाजला, तोच या वेळीं शांतपणें सुटला, आणि कांहीं वर्षांत ज्यूंचें प्रमाण शेंकडा १५ च्या आसपास येऊन स्थिर झालें. लॉवेल यांनीं १९२२ सालीं मनांत धरलेला आंकडाही बहुतेक हाच होता. येल आणि प्रिन्स्टन यांचीही तीच तऱ्हा.

येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. 'शील' या शब्दाचें सामर्थ्य केवढें आहे पाहा! गुण कमी पडले तर विद्यार्थी फेरतपासणी मागूं शकतो. शील कमी पडलें तर तो काय मागणार? आणि हें शील मोजणारा कोण, तर ज्यास स्वतःच्या घराण्यांतलें, स्वतःच्या शाळेंतलें तेंच शील वाटतें असा मनुष्य. आपल्याही इतिहासांत याचे मासले आहेत. सनदी नोकरीची परीक्षा १८५५ सालापासून खुली झाली, आणि हिंदी तरुण तींत उत्तीर्ण होऊं लागतांच, पुस्तकी विद्या म्हणजे राज्य करण्याची लायकी नव्हे, असें इंग्रज ग्रंथकारांस एकाएकीं आठवलें. अरविंद घोष लेखी परीक्षेंत उत्तम रीतीनें उतरले, पण घोड्यावर बसण्याच्या परीक्षेस हजर न राहिल्यामुळें १८९२ सालीं त्यांस नाकारण्यांत आलें. (त्यांची स्वतःची इच्छाही नव्हती, हें खरें, आणि त्यांत बडोद्याचा फायदा झाला, हेंही खरें.)

आतां गुणांच्या पक्षाकडे वळूं. कारण तिकडेही सर्व आलबेल आहे असें समजण्याचें कारण नाहीं. शील पाहण्याची पद्धत सुरू झाली त्याच वर्षीं, २३ जून १९२६ रोजीं, स्कॉलॅस्टिक अॅप्टिट्यूड टेस्ट ही परीक्षा प्रथम घेण्यांत आली. तीच पुढें एस.ए.टी. या नांवानें जगप्रसिद्ध झाली. ८०४० उमेदवार, ३१५ प्रश्न, ९७ मिनिटें. विरुद्धार्थी शब्द, अंकांच्या मालिका, एक बनावट भाषा देऊन तींत केलेलीं भाषांतरें, असा सगळा प्रकार. तिचे जनक प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांतील सतरा लाखांवर शिपायांस बुद्धिमापनाच्या चाचण्या दिल्या गेल्या होत्या. त्यांच्या आंकड्यांवरून ब्रिगम यांनीं १९२३ सालीं एक पुस्तक लिहून उत्तर युरोपांतील वंश बुद्धीनें श्रेष्ठ आणि इतर कनिष्ठ असा निष्कर्ष काढला. त्या चाचण्यांतील प्रश्न तरी कसे? ख्रिस्टी मॅथ्यूसन हा कोण: लेखक, चित्रकार, चेंडूफळीचा खेळाडू, कीं विनोदी नट? क्रिस्को म्हणजे औषध, जंतुनाशक, दंतमंजन, कीं खाण्याचा पदार्थ? इटलींतून नुकत्याच आलेल्या शेतकऱ्यास बेसबॉल ठाऊक नाहीं, म्हणून तो जन्मतः मंदबुद्धि! ब्रिगम यांच्या सन्मानाची गोष्ट ही कीं, १९३० सालीं त्यांनीं आपली वंशविषयक अनुमानें निराधार होतीं असें छापून जाहीर केलें. एका कायमच्या परीक्षासंस्थेच्या हातीं ही चाचणी देण्यास ते मरेपर्यंत विरोध करीत राहिले. ते १९४३ सालीं वारले. आणि १९४७ च्या अखेरीस एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही नेमकी तशी संस्था निघाली.

म्हणजे दोन्ही पद्धतींचें कुलशील सारखेंच काळें. पण अपत्य बापाच्याच वळणावर जाईल असा नियम नाहीं, हें पुढील दोन गोष्टींवरून दिसतें.

पहिली गोष्ट परीक्षेची. १९३३ सालीं लॉवेल यांच्या जागीं जेम्स ब्रायंट कॉनंट हे रसायनशास्त्रज्ञ आले. विद्यापीठ हें पिढीजात श्रीमंतांचें वतन होऊन बसलें आहे, त्यांत देशाच्या कानाकोपऱ्यांतली नैसर्गिक बुद्धिमत्ता आली पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा. लहान गांवांतल्या अनोळखी शाळेंतला हुशार मुलगा ओळखावा कसा, याचा शोध करण्यास त्यांनीं हेन्री चॉन्सी आणि विल्बर बेंडर या दोन तरुण अधिकाऱ्यांस सांगितलें. चॉन्सी ब्रिगम यांस भेटले. आणि १९३४ पासून हार्वर्डच्या नव्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांसाठीं ही चाचणी वापरूं लागले. वंशश्रेष्ठत्वाच्या वातावरणांत जन्मलेली परीक्षा गरिबाच्या मुलाची शिफारस करूं लागली. उत्तरें यंत्रानें तपासतां येऊं लागल्यावर तिचा प्रसार झपाट्यानें झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, १९४२ सालीं, निबंधवजा उत्तरांची जुनी परीक्षा बंदच पडली. चॉन्सी हेच नव्या परीक्षासंस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. बेंडर मात्र १९५२ पासून हार्वर्डचे प्रवेशाधिकारी झाल्यावर दुसऱ्या टोंकास गेले: केवळ वरच्या एक टक्का बुद्धीचींच मुलें घेतलीं तर कॉलेज नीरस होईल, माजी विद्यार्थी दुरावतील, देणग्या आटतील, ही त्यांची चिंता. वर्गांत कोणी तरी खालच्या चतुर्थांशांत राहणारच. मग त्याचें दुःख न मानणारीं, खेळांत आणि मित्रमंडळांत रमणारीं मुलें तेथें असावींत, असें हार्वर्डचे अधिकारी गंभीरपणें बोलत. अशा 'सुखी' मुलांत कोणाच्या घरचीं मुलें अधिक असत, हें सांगावयास नको.

दुसरी गोष्ट शीलाची, आणि ती अधिक चमत्कारिक आहे. १९६० नंतरच्या दशकांत नागरिक हक्कांची चळवळ झाली, आणि शतकानुशतकें बाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस आंत आणावें अशी सद्‌बुद्धि विद्यापीठांस सुचली. साधन कोणतें? तर घरींच असलेलें. विद्यार्थ्याकडे 'समग्र' पाहावें, हें तत्त्व ज्यूंसाठीं दार अरुंद करण्याच्या कामीं आलें होतें. तेंच आतां दार रुंद करण्याच्या कामीं लागलें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय शाळेनें शंभरांपैकीं १६ जागा अल्पसंख्याकांसाठीं वेगळ्या ठेविल्या होत्या. त्याविरुद्ध अॅलन बाकी या गौरवर्णीय उमेदवारानें दावा केला. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयांतील न्यायमूर्ति पॉवेल यांनीं राखीव जागा रद्द ठरविल्या, परंतु अनेक गोष्टींपैकीं एक म्हणून वंशाचा विचार करण्यास हरकत नाहीं असें म्हटलें, आणि नमुना म्हणून हार्वर्डची पद्धत आपल्या निकालास जोडली. आयडाहोच्या शेतावरचा मुलगा बोस्टनच्या मुलापाशीं नसलेलें कांहीं तरी घेऊन येतो, तसाच कृष्णवर्णीय मुलगाही आणतो, असा त्या पद्धतीचा आशय. आयडाहोच्या मुलाचें हें कौतुक प्रथम कशासाठीं सुरू झालें, हें मागें आलेंच आहे.

पुढें २००३ सालीं मिशिगन विद्यापीठाचे दोन खटले एकाच दिवशीं निकालांत निघाले. पदवीच्या वर्गासाठीं तेथें १५० गुणांची मोजपट्टी होती, तींत अल्पसंख्याकांस २० गुण उघडपणें दिले जात. ती पद्धत बेकायदा ठरली. त्याच विद्यापीठाच्या कायदाशाळेंत गुणांचा आंकडा न लिहितां प्रत्येकाकडे 'समग्र' पाहून तेंच साधलें जात असे. ती पद्धत कायदेशीर ठरली. आम्हांस हा निकाल फार बोलका वाटतो. जें कागदावर लिहिलें तें गेलें. जें मनांत ठेविलें तें राहिलें. न्यायाधीशांचा हेतु उदार असेलही, पण विद्यापीठांनीं धडा घेतला तो हाच कीं, आंकडा लिहूं नये.

त्या मनांतल्या गोष्टी कागदावर आल्या त्या २०१४ सालीं हार्वर्डविरुद्ध दाखल झालेल्या खटल्यानें. दाव्याचा मुद्दा असा कीं, आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलांस, म्हणजे चिनी, कोरियन आणि आपल्याकडील कुळांच्या मुलांस, हार्वर्ड मुद्दाम खालीं ठेवतें. २०१८ सालीं बोस्टन येथें सुनावणी झाली आणि सहा वर्षांचीं प्रवेशाचीं दप्तरें तज्ज्ञांपुढें उघडलीं. २०१९ च्या पदवीवर्गासाठीं देशांतून आलेले अर्ज सुमारें २६ हजार. जागा दोन हजारांच्याही आंत. इंग्रजीच्या चाचणींत पैकींच्या पैकीं गुण मिळविलेले २७००, गणितांत ३४००, आणि शाळेच्या गुणपत्रिकेंत पूर्ण गुण असलेले ८००० हून अधिक! म्हणजे केवळ गुणांवर निवड करूं म्हटलें तरी कांहीं तरी दुसरें पाहणें भागच होतें, ही विद्यापीठाची बाजू अगदींच पोकळ नव्हती.

पण तें 'दुसरें' काय होतें? प्रत्येक अर्जदारास विद्या, इतर उद्योग, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांबद्दल वेगवेगळे अंक दिले जात. विद्येंत आशियाई मुलें पुढें. इतर उद्योगांतही मागें नाहींत. पण व्यक्तिमत्त्वाच्या अंकांत तीं मागें पडत. हे अंक देणारे अधिकारी बहुतेक मुलांस कधीं भेटलेलेही नसत. आणि ज्या माजी विद्यार्थ्यांनीं त्यांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या, त्यांनीं त्यांस गौरवर्णीयांच्या जवळपासच अंक दिलेले होते, असा पुरावा पुढें आला. याच दप्तरांतून आणखी एक गोष्ट निघाली. प्रवेश मिळालेल्या गौरवर्णीय विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ४३ हून अधिक हे खेळाडू म्हणून निवडलेले, माजी विद्यार्थ्यांचीं मुलें, डीनच्या खास यादींतले, किंवा प्राध्यापक-नोकरांचीं मुलें यांपैकीं होते. आपल्याकडे याला वतन आणि वशिला म्हणतात; तिकडे त्यासही समग्र परीक्षण हेंच नांव. खालच्या न्यायालयानें २०१९ सालीं पद्धत दोषरहित नसली तरी जाणूनबुजून भेदभाव सिद्ध होत नाहीं, असा निकाल दिला. कायद्याच्या दृष्टीनें तो कसाही असो, व्यक्तिमत्त्व मोजण्याची ती फूटपट्टी पाहून लॉवेल यांच्या कचेरीची आठवण न होणें कठीण.

त्याच २०१९ सालीं एक फसवणूक उघडकीस आली, तिनें दोन्ही पक्षांची फजिती केली. श्रीमंत आईबापांनीं दलालास पैसे देऊन, कधीं पोहण्याच्या तलावांत न उतरलेल्या मुलांस जलक्रीडापटु म्हणून पुढें केलें होतें. आणि त्याच दलालानें परीक्षाकेंद्रांवर उत्तरपत्रिका दुरुस्त करून घेण्याचीही सोय ठेविली होती. येल, स्टॅनफर्ड यांसारख्या ठिकाणचे क्रीडाशिक्षक यांत सांपडले.

पुढच्याच वर्षीं महामारी आली, परीक्षाकेंद्रें बंद पडलीं, आणि बहुतेक मोठ्या विद्यापीठांनीं चाचणीची अट शिथिल केली. ती गरिबांस जाचक आहे, अशी तक्रार फार दिवसांची होतीच. आणि ती खोटी नव्हती. सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुलांनीं १६०० पैकीं १३०० च्या वर गुण मिळविण्याचा संभव गरीब कुटुंबांतील मुलांच्या तेरा पट आहे, असें २०२३ सालीं राज चेट्टी प्रभृति अर्थशास्त्रज्ञांनीं दाखविलें. परंतु याच संशोधनांत दुसरीही बाजू होती, आणि तीच आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. सारखेच गुण मिळविलेल्या दोन मुलांत एक अतिश्रीमंत आणि एक मध्यम स्थितींतला असला, तर पहिला अशा विद्यापीठांत दाखल होण्याचा संभव दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक. कारणें तीन: माजी विद्यार्थ्याचें घर, खेळ, आणि विद्येबाहेरच्या गोष्टींचे अंक. खासगी शाळेंत सल्लागार असतो, तो शिफारसपत्र लिहिण्यांत मुरलेला असतो. वाद्यें, होड्या, परदेशच्या सहली, सेवाकार्याचीं प्रशस्तिपत्रें हीं सर्व पैशानें उभीं राहतात. गणिताचें पुस्तक त्या मानानें स्वस्त.

डार्टमथ विद्यापीठानें आपल्या अर्जदारांचे आंकडे तपासले, तेव्हां असें दिसलें कीं, साधारण स्थितींतल्या पुष्कळ मुलांनीं १४०० च्या आसपासचे गुण कमी समजून कळविलेच नाहींत. वास्तविक त्यांची शाळा आणि परिस्थिति पाहतां तेच गुण त्यांच्या उपयोगीं पडले असते. म्हणून २०२४ च्या फेब्रुवारींत त्यानें चाचणी पुन्हां सक्तीची केली. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठानें हें पाऊल २०२२ सालींच टाकलें होतें. येल, ब्राउन मागोमाग आलीं, आणि २०२४ च्या एप्रिलांत हार्वर्डही आलें. कॅलिफोर्निया विद्यापीठानें मात्र २०२० सालीं, प्राध्यापकांच्या समितीचा सल्ला उलट असतांही, चाचणीस रजा दिली.

दरम्यान हार्वर्डचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला होता. २९ जून २०२३ रोजीं त्या न्यायालयानें वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत रद्द केली. १९७८ पासून चालत आलेली सवलत संपली. पुढल्या वर्षीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचें प्रमाण शेंकडा १३ वरून ५ वर आलें. ज्यांस आंत आणण्यासाठीं ही समग्रता पन्नास वर्षें राबली, ते बाहेर गेले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांविषयीं त्या निकालांत मनाई कांहीं नव्हती. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनीं एक फट मात्र ठेविली: आपल्या वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हें अर्जदारानें निबंधांत लिहिलें, तर तें वाचण्यास विद्यापीठास मोकळीक आहे.

१९२२ च्या हार्वर्डच्या अर्जांत, वडिलांचें नांव बदललें आहे काय, याचा खुलासा मागितला होता. २०२३ च्या शरदृतूंतील अर्जांत, ज्या अनुभवांनीं तुम्ही घडलां त्यांच्या बळावर हार्वर्डला तुम्ही काय द्याल, तें दोनशें शब्दांत लिहावयास सांगितलें होतें. आईबाप कोणत्या कॉलेजांत शिकले, याचा रकाना त्या अर्जांतही होता.